जुना बेंच व्हाइस: गंज मागाहून, आधी नट बघा

प्रश्न थोडक्यात असा: नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका बंद शेडच्या भंगारातून सहा इंची बेंच व्हाइस, म्हणजे टेबलावर बसवून काम जबड्यांत घट्ट धरणारा शिकंजा, मिळाला आहे. हँडल फिरवलं की जबडा आवळला जातो, पण उलट फिरवल्यावर नुसता दांडाच बाहेर येतो, जबडा जागचा हलत नाही. जोरात आवळलं की ‘कट्ट’ आवाज होऊन पकड सुटते. जबड्याच्या पट्ट्यांचे दात गुळगुळीत झाले आहेत, अंगावर गंज आणि जुन्या रंगाचे थर आहेत. गंज कशाने काढावा, आणि एवढी मेहनत करावी की नवाच घ्यावा?

गंज हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे, म्हणूनच बहुतेक जण तिथून सुरुवात करतात आणि चार दिवस घासून, रंगवून झाल्यावर कळतं की व्हाइस पकडतच नाही. व्हाइस निकामी होतो तो आतल्या तीन वस्तूंमुळे: बॉक्स नट (शरीरात बसवलेला नट, ज्यात हँडलचा आटेदार दांडा, म्हणजे स्पिंडल, फिरतो), स्प्रिंग आणि स्प्लिट पिन (दोन पाय वळवून अडकवायची पिन). तुम्ही सांगितलेली दोन लक्षणं दोन वेगळ्या बिघाडांची आहेत. जबडा मागे न येणं हा पिनचा दोष, किरकोळ. पकड सुटणं हा नटाचा दोष, आणि खर्च होईल तो त्याच्यावर. पण या दोन्हीच्या आधी, तुम्ही न विचारलेली एक गोष्ट तपासावी लागेल: बीड, म्हणजे व्हाइसच्या अंगाचं ओतीव लोखंड, कुठे तडकलं तर नाही ना?

बिडाचा स्वभाव असा की ते दाब भरपूर सोसतं, ताण फारसा नाही. व्हाइस आवळला की पक्क्या जबड्याच्या मानेत, म्हणजे पट्टी बसते त्याच्या खालच्या वळणात, ताणच येतो. किती, याचा हिशेब करून बघा. हँडलवर मध्यापासून २५० मिलिमीटर अंतरावर हाताचा २० किलोचा जोर आणि आट्यांचा पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्यापर्यंतचं अंतर, ६ मिलिमीटर धरला, तर घर्षण नसताना जबड्यावर पाच टनांहून जास्त दाब आला असता. आटे आणि कॉलर (स्पिंडलच्या डोक्यामागचं कडं) यांचं घर्षण त्यातला ८० ते ८५ टक्के खाऊन टाकतं, तरी पाऊण ते एक टन उरतो. आता कोणी हँडलवर मीटरभर पाइप चढवला, तर हाच आकडा तीन-चार टनांवर जातो. कारखान्यातल्या व्हाइसवर पाइप चढलेला असतोच, असं गृहीत धरून चाला. हँडल वाकलेलं दिसलं तर खात्रीच समजा.

तडा शोधायला यंत्र लागत नाही. मान, सरकता जबडा शरीरात शिरतो त्या तोंडाचे कोपरे, सरकत्या जबड्याचा बुडखा आणि बोल्टच्या भोकांचे कान, या चार जागा थिनरने पुसून रंग खरवडून काढा. ब्रशने डिझेल लावा, वीस मिनिटं मुरू द्या, मग कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि वर पांढरा खडू घासा. अर्ध्या तासात तड्यात शिरलेलं डिझेल वर येतं आणि खडूवर केसासारखी ओली रेघ उमटते. ओतकामाची जोडरेघ आणि तडा यांत गल्लत करू नका. जोडरेघ सरळ असते, दोन्ही बाजूंना सारखी असते आणि खडू ओला करत नाही.

कानाला तडा असेल तर दुरुस्त होतो. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे तो पुढे धावणार नाही. मग व्ही आकाराची खाच काढून ब्रेझिंग (पितळी झाळकाम) करा, किंवा निकेल रॉडने वेल्डिंग. वेल्डिंग करायचं तर भाग आधी २५० ते ३०० अंशांवर सगळीकडून सारखा तापवायचा, एका वेळी जेमतेम इंचभर टाका मारायचा, गरम असतानाच हातोडीने हलकं ठोकायचं, आणि शेवटी कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून रात्रभर निवू द्यायचं. साध्या एमएस (मऊ पोलादाच्या) रॉडने मारलेला टाका त्या क्षणी धरल्यासारखा दिसतो आणि निवताना शेजारीच नवा तडा देतो. मानेतच तडा असेल तर मात्र हा व्हाइस पुन्हा कामाला लावू नका. स्पिंडल, नट, पट्ट्या काढून घ्या आणि बीड भंगारात द्या. टनभर दाबाखाली मान सुटली तर वीस किलोच्या पुढचा व्हाइस कोणाच्या तरी पायावर येतो.

बीड शाबूत आहे असं धरून पुढे जाऊ.

जबडा मागे का येत नाही? आवळताना स्पिंडलच्या डोक्यामागची कॉलर जबड्याला बाहेरून ढकलते. सोडताना हे काम आतल्या बाजूचा वॉशर करतो. जबड्याच्या भिंतीमागे स्पिंडलवर स्प्रिंग, तिच्यामागे वॉशर आणि वॉशर अडवायला स्प्लिट पिन, अशी ती रचना असते. पिन तुटली की वॉशर मागे घसरतो, स्प्रिंग लोंबते आणि स्पिंडल एकटाच बाहेर येतो. तुमच्याकडे नेमकं हेच झालं आहे. कित्येकदा तिथे पिनऐवजी खिळा ठोकलेला सापडतो. खिळा टणक असतो, काढताना भोक फाडतो, म्हणून पंचने न ठोकता आधी पक्कडीने सरळ करून ओढा. भोकात बसेल त्या मापाची नवी स्प्लिट पिन घाला आणि दोन्ही पाय पूर्ण वळवा. हिच्यावर फक्त जबडा मागे ओढण्याचा भार येतो, त्यामुळे साधी पिन पुरते. काही व्हाइसमध्ये पिनऐवजी ग्रब स्क्रूची (बिनडोक्याच्या स्क्रूने आवळलेली) कॉलर असते. तिथे स्क्रू ढिला झालेला असतो, एवढंच.

आता ‘कट्ट’. व्हाइस न खोलता दोन शक्यता वेगळ्या करता येतात. जबड्यात लाकडाचा ठोकळा धरा. एकाने हँडल हळूहळू आवळत न्यावं आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन खालून किंवा मागून नटाकडे बघावं. आवाज होताना नटच कलंडला किंवा सरकला, तर त्याला शरीराशी धरणारा बोल्ट ढिला आहे किंवा त्याचे आटे गेले आहेत. ही चांगली बातमी. बोल्ट बदला, भोकाचे आटे गेले असतील तर एक माप मोठा टॅप मारून (आटे पाडायचं हत्यार फिरवून) नवे आटे पाडा, काम संपलं. नट जागचा हलला नाही आणि स्पिंडलच झटका देऊन पुढे आला, तर नटाचे आटे मेले आहेत. व्हाइस झटपट उघडणाऱ्या लिव्हरचा असेल तर नटाचा निकाल इतक्यात देऊ नका. त्यात अर्धा नट असतो, आणि त्याच्याखाली बुरादा अडकला किंवा त्याची स्प्रिंग मेली, तरी हीच लक्षणं दिसतात.

खोलणं सरळ आहे. हँडल उलट फिरवत राहा. स्पिंडल नटातून सुटला की सरकता जबडा पुढे ओढून बाहेर काढायचा. तुमच्याकडे पिन तुटलेली असल्याने स्पिंडल आधी येईल आणि जबडा हाताने ओढावा लागेल. शेवटच्या दोन इंचांत त्याला खालून आधार द्या, नाहीतर तो पायावर पडतो. मग खालचा किंवा मागचा बोल्ट काढून नट बाहेर घ्या. प्रत्येक वस्तूचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, विशेषतः नटाचं कुठलं तोंड पुढे होतं त्याचा.

स्पिंडल नटात गंजून बसला असेल तर घन मारू नका, पाइपही लावू नका. डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ तेल निम्मं-निम्मं मिसळून आट्यांवर सोडा आणि व्हाइस दुपारच्या उन्हात ठेवा. एप्रिल-मेच्या नागपुरी उन्हात काळं बीड हात लावता येणार नाही इतकं तापतं, तेल पातळ होऊन आत शिरतं, आणि रात्री निवताना आणखी खेचलं जातं. असे दोन-तीन दिवस जाऊ द्या, रोज एकदा तेल आणि स्पिंडलच्या डोक्यावर तांब्याच्या किंवा लाकडाच्या हातोडीचे आठ-दहा हलके टोले. नंतर हँडल थोडं सोडायचं, थोडं आवळायचं, पुन्हा सोडायचं. एकाच दिशेने जोर केला की गंजाची भुकटी आट्यांत दाटून जास्तच घट्ट बसते. तेही साधलं नाही तर गॅसच्या टॉर्चने नटाचा भाग सगळीकडून फिरवत १५०–२०० अंशांपर्यंत तापवा. तेल आधी पुसून घ्या आणि काम उघड्यावर करा. गॅस कटिंगची ज्योत बिडावर एका जागी धरू नका, त्या जागी तडा जातो.

नट हातात आला की मोजमाप करा. स्पिंडल शेपटीच्या बाजूला बहुधा नव्यासारखा असतो, कारण तो भाग जबडा पूर्ण उघडल्यावरच नटात येतो. डोक्याकडचा भाग रोज घासला जातो. दोन्हीकडे व्हर्नियरने आट्याच्या दाताची जाडी घ्या. चौरस आट्यात दाताची जाडी पिचच्या निम्मी असते, म्हणजे ६ मिलिमीटर पिचला ३ मिलिमीटर. डोक्याकडे ती २.५ असेल तर स्पिंडल चालेल. २ च्या खाली असेल तर नुसता नवा नट करून उपयोग नाही, कारण नव्या नटालाही तो ढिलाच बसणार. नट तपासायचा तर तो स्पिंडलच्या चांगल्या भागावर फिरवून मागेपुढे ढकला. पाव-अर्धा मिलिमीटर खेळ असणारच. दीड मिलिमीटर असेल तर नटाचा निम्मा दात संपला आहे.

इथे एक युक्ती फार सांगितली जाते: नट उलटा करून बसवा. तिच्यात तथ्य आहे. आवळताना नटाच्या दातांची मागची बाजूच भार घेते आणि झिजते, पुढची जवळजवळ कोरी राहते. उलटा केल्यावर कोरी बाजू कामाला येते आणि फिरणं गुळगुळीत होतं. पण दाताची जाडी काही वाढत नाही. पाव दात गेलेल्या नटाला ही युक्ती चालते, ‘कट्ट’ करणाऱ्याला नाही. शिवाय बऱ्याच नटांना एका बाजूला कान असतो, ते उलटे बसतच नाहीत. स्टीलची पुट्टी स्पिंडलभोवती भरून आटे ओतण्याची दुसरी युक्ती छोट्या टेबल व्हाइसपुरती ठीक. सहा इंचीला नको.

नवा नट करायचा तर टर्नरकडे (लेथवर काम करणाऱ्याकडे) जाण्याआधी पिच नक्की करा, इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. दहा आट्यांची एकूण लांबी मोजून दहाने भागा. एकाच आट्याचं माप घेऊन अंदाज बांधू नका. जुने व्हाइस, विशेषतः इंग्रजी बनावटीचे आणि त्यांच्यावर बेतलेले, इंचात असतात. इंचाला पाच आटे म्हणजे पिच ५.०८ मिलिमीटर. कोणी तो ५ समजून कापला तर ६० मिलिमीटर लांबीच्या नटात बारा आट्यांमागे जवळजवळ १ मिलिमीटरची चूक साठते. नट दोन-तीन आटे छान चढतो आणि मग अडकतो. दहा आटे ५०.८ भरले तर इंचाला पाच, ६३.५ भरले तर इंचाला चार.

नटासाठी गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझ घ्या. पोलादाच्या स्पिंडलवर पोलादी नट घासून एकमेकांना खातात. ब्राँझचा नट स्वतः झिजतो आणि स्पिंडल वाचवतो, पुढच्या वेळी पुन्हा नटच बदलायचा. लांबी जुन्याइतकीच ठेवा, कमी नको. चौरस आट्यांसाठी नटाचं आतलं भोक म्हणजे स्पिंडलचा बाहेरचा व्यास वजा पिच, अधिक थोडी मोकळीक. २८ मिलिमीटरचा स्पिंडल आणि ६ चा पिच असेल तर २२.२ च्या आसपास. नमुना म्हणून स्पिंडल टर्नरकडेच ठेवा. कागदावरच्या मापापेक्षा त्याला तो चढवून बघता आलेला बरा.

स्पिंडलही गेला असेल तर जुन्या चौरस आट्यांची नक्कल करण्याचा हट्ट सोडा. स्पिंडल आणि नट दोन्ही ट्रॅपेझॉइडल (तिरप्या बाजूंच्या) आट्यांत नवे करून घ्या, उदाहरणार्थ टीआर २८ × ५, म्हणजे व्यास २८ आणि पिच ५ मिलिमीटर. या मापाचा टॅप मिळतो, चौरस आट्यांचा बाजारात सहसा मिळत नाही आणि आतून एका दाताच्या हत्याराने कापावा लागतो, त्यात वेळ आणि मजुरी जाते. स्पिंडलला ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) पुरे. जुनं डोकं आणि कॉलर कापून नव्यावर वेल्ड करण्यापेक्षा एकाच गजातून काढा. वेल्ड नेमका कॉलरपाशी येतो आणि सगळा ताण तिथूनच जातो. हिंगणा किंवा बुटीबोरीकडच्या कुठल्याही बऱ्या लेथवाल्याला हे काम नवीन नाही. फक्त आटे कापून झाल्यावर स्पिंडल सरळ आहे का ते लेथच्या दोन सेंटरवर डायल गेज लावून तिथेच बघून घ्या. वाकलेला जुना स्पिंडलही असाच ओळखतात: जबडा प्रत्येक फेरीत एका ठरावीक जागी जड जातो. तो प्रेसवर सरळ होतो, हातोडीने नाही.

आता गंज. बिडाच्या मोठ्या भागांना वीजमार्ग सगळ्यात बरा, कारण तो धातू खात नाही, फक्त गंज सोडवतो. प्लॅस्टिकच्या टबात २० लिटर पाण्याला १०० ग्रॅम धुण्याचा सोडा. भागाला १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार, आणि भोवती उभ्या केलेल्या साध्या सळयांना धन तार. तारा उलट लागल्या तर व्हाइसच विरघळायला लागतो, म्हणून चालू करण्याआधी दोनदा बघा. दोन ते पाच अँपिअर प्रवाह, बारा ते चोवीस तास. सळई एकाच बाजूला असेल तर गंज त्याच बाजूचा निघतो, म्हणून सगळीकडून उभ्या करा. स्टेनलेस स्टील धन बाजूला लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. जस्त चढवलेलं लोखंडही नको, आणि सोड्याऐवजी मीठ तर मुळीच नको, त्याने क्लोरीन निघतो. फेसात हायड्रोजन असतो, तेव्हा टब उघड्यावर ठेवा, जवळ विडी-सिगारेट नको, आणि पाण्यात हात घालण्याआधी चार्जर बंद. नवे स्वयंचलित चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय चालूच होत नाहीत, त्यासाठी जुना साधा चार्जर शोधावा लागेल.

स्प्रिंग या टबात टाकू नका. कडक पोलाद हायड्रोजन शोषून ठिसूळ होतं आणि नंतर भाराखाली तुटतं. ती ब्रशनेच साफ करा, लोळलेली असेल तर नवी घ्या. स्पिंडलला तारेचा ब्रश आणि डिझेल पुरतं. वीज नको असेल तर लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अॅसिड, लिटरला ५० ग्रॅम. पण सहा तासांनी उचलून बघा. बीड रात्रभर त्यात राहिलं तर वर ग्रॅफाइटची काळी मऊ साय येते आणि घासून मापं बिघडतात. दोन्ही पद्धतींत बाहेर काढल्याबरोबर धुणं, पुसणं, वाळवणं आणि तेल हे सलग व्हायला हवं. उन्हाळ्यात भाग दोन मिनिटांत वाळतो. श्रावणात मात्र पुसत असतानाच पिवळा गंज चढतो, तेव्हा हीट गन किंवा केस वाळवायचं यंत्र हाताशी ठेवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासून धूळ उडवण्यापेक्षा पेंट रिमूव्हर लावून ओला खरवडा.

पट्ट्यांचे स्क्रू काढताना पेचकस घसरतोच. आधी खाचेतला रंग टोकदार हत्याराने काढा, तेल सोडा, मग हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. डोकं फाटलं तर मधोमध पंच करून ड्रिलने डोकंच उडवा. पट्टी निघाल्यावर उरलेला दांडा पक्कडीने सुटतो. नवे स्क्रू घेताना पुन्हा तोच इंच-मिलिमीटरचा घोळ: जुन्यात बहुधा ५/१६ किंवा ३/८ इंच व्हिटवर्थ (जुन्या इंग्रजी इंची मापाचा आटा) असतो. ५/१६ ला इंचाला अठरा आटे, म्हणजे पिच १.४१. एम ८ चा पिच १.२५. दोन्ही दिसायला सारखे, पण एम ८ जबरदस्तीने आवळला की बिडातले आटे सोलून निघतात. ५/१६ चं भोक खराब झालंच तर ते मोठं करून एम १० चा टॅप मारा, ड्रिल ८.५ चं.

बाजारात तयार पट्ट्या मिळतात, पण भोकांची अंतरं प्रत्येक बनावटीची वेगळी. जुन्या पट्टीचं माप घेतल्याशिवाय विकत घेऊ नका. करून घ्यायच्या तर दोन वाटा. इतवारीच्या लोहा ओळीतून ईएन ८ ची पट्टी आणा, दात पाडा आणि कडक न करताच बसवा. जिथे जोडकाम आणि नळकाम जास्त आहे तिथे काही वर्षं जातील. दुसरी वाट ट्रकच्या कमानीच्या पाट्याची. वाडीकडे ट्रकची कामं करणाऱ्यांकडे तुटके पाटे पडून असतात आणि ते पोलाद उत्तम. पाटा आधी लाल तापवून राखेत निववा म्हणजे तो मऊ होतो, मग सरळ करा, कापा, भोकं पाडा आणि दात पाडा. त्यानंतर चुंबक चिकटेनासं होईल त्याच्या थोडं वरपर्यंत, चेरीसारखा लाल तापवून तेलात बुडवा. पाण्यात नको, तडकतो. लगेच घासून चकचकीत करा आणि निळा रंग येईपर्यंत, म्हणजे ३०० अंशांच्या आसपास, पुन्हा तापवा. हे टेम्परिंग चुकवलं तर पट्टी काचेसारखी फुटते. दातांना त्रिकोणी कानशीने दीड-दोन मिलिमीटर अंतरावर तिरप्या रेघा, मग उलट्या दिशेने आडव्या. फार खोल दात कामावर ओरखडे पाडतात. नाजूक कामाला तसेही अॅल्युमिनियमचे किंवा तांब्याचे मऊ जबडे वरून लावावेच लागतात.

नवी पट्टी बसवण्याआधी जबड्याची बैठक कानशीने साफ करा. मागे बुराद्याचा एक कण राहिला तरी पट्टी एका कोपऱ्यात उचलते, आणि लोक मग सरकत्या भागाला दोष देत बसतात. जुळणी तपासायची तर वर्तमानपत्राच्या दोन पट्ट्या जबड्यात दोन टोकांना धरून हलकं आवळा. दोन्ही सारख्या अडकल्या पाहिजेत. वर आणि खाली मात्र सारखं नको. वरची कड किंचित आधी टेकलेली बरी, कारण आवळताना सरकता जबडा वरच्या बाजूने थोडा बाहेर कलतोच.

हे कलणं किती आहे ते फिलर गेजने (फटीत घालून मापायच्या पातळ पात्यांनी) बघा. सरकता भाग आणि त्याची खोबण यांत ०.२ ते ०.३ मिलिमीटर मोकळीक ठीक, मिलिमीटरच्या आसपास गेली की पातळ काम वरून निसटतं. झीज दोन जागी सापडते: खोबणीच्या तोंडाशी खाली आणि आत मागे वर, कारण जबडा कलताना तिथेच टेकतो. पितळी शिम पट्टी (फट भरायची पातळ पट्टी) त्या दोन जागीच लागते, सगळीकडे लावली तर जबडा फसतो.

रंगाबद्दल थोडंच. रेड ऑक्साइडचा एक हात, वर एनॅमलचे दोन पातळ हात. सरकता भाग, आटे, नटाची बैठक आणि पट्ट्यांची बैठक यांना रंग लावायचा नाही, टेप चिकटवा. मे महिन्यात सकाळी लवकर रंगवा. दुपारी वरची साय लगेच वाळते आणि आतला रंग ओला राहून सुरकुत्या येतात.

जोडताना आट्यांना लिथियम ग्रीस पातळ हाताने, सरकत्या भागाला ग्रीस नाही, तेल. ग्रीसमध्ये बुरादा रुततो आणि सँड पेपरसारखा घासतो. स्प्रिंग थोडी दाबलेली असेल अशा बेताने वॉशर ठेवून पिन घाला. ती मोकळी राहिली तर प्रत्येक वेळी हँडलची थोडी फेरी फुकट जाते.

बसवताना जबड्याचा माथा उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला यावा. पक्क्या जबड्याची पट्टी टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर हवी, म्हणजे लांब पट्टी उभी धरली तरी टेबलाला अडत नाही. फळी निदान ५० मिलिमीटर जाड, एम १२ किंवा अर्ध्या इंचाचे बोल्ट, आणि फळीखाली नुसते वॉशर नाहीत तर लोखंडी पाटी. पहिल्या दिवशी लाकूड धरून दोन्ही हातांनी पूर्ण आवळा आणि पाच मिनिटं तसंच ठेवा. आवाज नाही, हँडल परत फिरत नाही, तर नट बसला. मग बेसचे बोल्ट पुन्हा एकदा आवळा, ते पहिल्या भाराने थोडे ढिले होतातच.

नवा घ्यावा का? बीड शाबूत आहे आणि नुसता नट करायचा आहे, तर दुरुस्त करा. नट, स्पिंडल आणि पट्ट्या तिन्ही करायच्या असतील तर आधी टर्नरकडून आकडा घ्या आणि नव्या सहा इंचीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला तर थांबा. अपवाद एवढाच की जुना भारी वजनाचा असेल आणि नवा त्याच मापात हलका. दोन्ही काट्यावर ठेवून बघा, जाड बिडाची मान नव्या स्वस्त व्हाइसमध्ये मिळत नाही.

आणि कूलर. नागपुरात वर्कशॉपमध्ये गंज पावसाळ्याची वाट बघत नाही. मार्च-एप्रिलपासून कूलरची ओली हवा थेट टेबलावर येत असेल तर घासून चकचकीत केलेला जबडा आठवड्यात तांबडा होतो. कूलरचं तोंड फिरवा, किंवा रोज काम संपल्यावर तेलाचं फडकं जबड्यावर आणि सरकत्या भागावर फिरवून जबडे बोटभर उघडे ठेवा. मिटलेल्या जबड्यांत ओल अडकते.